तांबूस गवतावरून

छत्र्यांच्या डब्यातून बोलतोय मी. शेजारी दोन मोडक्या छत्र्या आणि एक फिरायला जायची काठी. मी गोल्फचा पटर. चेंडू हवेत उडवणाऱ्या काठ्या वेगळ्या. मी तो जमिनीवरून सरपटत नेतो.

स्कारवी गावच्या लोहाराने माझं डोकं ठोकून काढलं, मर्डो गेडीजच्या आजोबांसाठी. त्या दिवशी लोहाराला जरा जास्त झाली होती, म्हणून मी किंचित तिरका आहे. आजोबा, बाप आणि मर्डो, तिघांनीही चुकलेल्या प्रत्येक फटक्याचं खापर माझ्या तिरकेपणावर फोडलं. साधलेला फटका मात्र यांच्या हातचा!

पण आम्ही खेळायचो ती जमीन काय होती! गाव आणि समुद्र यांच्यामधली वाळूची उंचसखल पट्टी. कुणी मुद्दाम केलेली नव्हे. मेंढ्या वाऱ्याला आडोसा शोधून जिथे बसल्या, तिथे खड्डे पडले. झाड औषधालाही नाही. उन्हाळ्यात गवत तांबूस, आखूड, खाली जमीन टणक. मर्डोने मला हलकेच झुलवलं की चेंडू उंचवट्यावर चढायचा, थबकायचा, विचार केल्यासारखा वळायचा आणि साठ पावलांवरच्या भोकापाशी घरंगळत जायचा.

मर्डो गावचा पोस्टमन. सत्तरीत त्याचा खांदा गेला. चेंडू उडवणं संपलं, पण इथे त्याचं काही अडलं नाही. समुद्राचा वारा जवान पोरांचे चेंडू कुठल्या कुठे भिरकावायचा आणि हा म्हातारा ओरडायचा, "उडवा, उडवा! मी आपला चालत येतो!" आणि जिंकायचा.

त्याची मुलगी ऊना बस चालवते. तिचा हात बापापेक्षा चांगला आहे. मी दोनदाच तिच्या हातात गेलो, पण मला कळलं. त्यालाही कळलं असणार, म्हणून तर "पाय सरळ ठेव" म्हणत त्याने मला काढून घेतलं. शाबास म्हणताना याची जीभ झडणार होती काय?

मग आमच्या गोल्फ क्लबचा कॅप्टन लॅकलन पेट्री समुद्रापासून दूर, आतल्या भागातलं एक मैदान बघून आला. झाडांच्या रांगा, तळी, गालिच्यासारखं गवत. आला तो लाजूनच.

"पाहुणे विचारतात, तुमचं गवत मेलंय का," सभेत तो म्हणाला. "पाण्याचे फवारे बसवू या."

हात वर झाले. मी दाराशी टेकून उभा होतो. मर्डोचाही हात वर गेला. कुणी जबरदस्ती केली नव्हती. ज्या गवतावर उभा जन्म काढला, त्याची त्याला परक्यांसमोर लाज वाटली, बस्स.

वसंतात सगळं हिरवंगार झालं. मर्डोने चेंडू ढकलला. दहा पावलं गेला आणि ओल्या गवतात बसून राहिला. पुन्हा ढकलला. पुन्हा बसला. इथेही आता उडवता येईल त्याचाच खेळ. सातव्या भोकाच्या वाटेवर त्याने चेंडू खिशात टाकला आणि घरी आला. मी छत्र्यांच्या डब्यात.

उन्हाळा असाच गेला. तो खिडकीत बसायचा आणि चहा गार करायचा.

"बाबा, खेळायला जात नाही?" ऊनाने विचारलं.

"खांदा दुखतो."

"तो चार वर्षं दुखतोय. सभेत हात वर केलात, तो याच खांद्याचा ना? तेव्हा बरा वर गेला!"

 पुढच्या सभेला मर्डो मला घेऊन गेला आणि उभा राहिला.

"मी चुकलो. पाणी बंद करा."

असं वाक्य त्या खोलीत कधी कुणी उच्चारलं नव्हतं. खोकल्यांची साथच आली.

"तुला उडवता येत नाही म्हणून आम्ही गवत वाळवायचं?" पेट्री म्हणाला. सगळे हसले.

"उडवता तिथेही येतं, त्या तुझ्या बागेत. सरपटवता फक्त इथेच येत होतं. आणि पेट्री, तुझा खांदा काही लोखंडाचा नाही."

मर्डोच्या बाजूने अकरा हात. विरुद्ध चौतीस.

बाहेर ऊना थांबली होती. "किती?"

"अकरा."

"अकरा? मला वाटलं, एकटेच असाल!"

रविवारी आमच्याकडे मैदानावर खेळत नाहीत, गाव तिथे फिरायला येतं. त्या रविवारी ऊना बापाला मैदानाच्या बांधापलीकडे घेऊन गेली. तिथे समुद्रालगत एक चिंचोळी पट्टी आहे. ती क्लबची नाही, त्यामुळे पाणी पोचलेलं नाही. गवत अजून तांबूस. तिने मुरंब्याचा रिकामा डबा जमिनीत पुरून ठेवला होता.

मर्डोने मारला. चेंडू धावला! धावला, पण बाजूने गेला.

"पाय सरळ ठेवा," ऊना म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मला तिच्या हातात दिलं. स्वतःहून, आयुष्यात पहिल्यांदा. चेंडू उंचवट्यावर चढला, थबकला, वळला. डबा वाजला.

मर्डोने वाकून डब्यातला चेंडू काढला.

"बरा होता," तो पुटपुटला.

"काय म्हणालात?"

"वारा आहे. नसेल ऐकू आलं तर नसेल."

मुक्काम अजून छत्र्यांच्या डब्यातच आहे, पण मी रविवारची वाट बघतो. हल्ली पेट्री मधूनमधून बांधावर उभा राहून आमच्या पट्टीकडे जरा हेव्यानेच बघतो. तुमच्यापैकी कुणाला तो भेटलाच, तर हात जोडून सांगतो, हिरवळीचं कौतुक तेवढं त्याच्यासमोर करू नका.