फुलीचा स्क्रू

मित्रांनो, मी एक जुना पेचकस आहे. येरमाळ्याच्या लोहारानं मोडक्या कानशीतून मला घडवलं आणि बाभळीची मूठ बसवून कल्याणप्पांच्या हाती दिलं.

कल्याणप्पा शिलाईची यंत्रं, कुलपं, ग्रामोफोन दुरुस्त करत. चपट्या डोक्याचा स्क्रू लाकडात पार बुडतो, गोल डोक्याचा वर उठून राहतो. पण दोघांच्याही डोक्यावर एकच सरळ खाच असे. तिच्यात माझं पातं नीट बसलं, की गंजलेला स्क्रूही सुटायचा. लोक वाखाणत. मला न सुटणारा स्क्रू जगात नाही, असंच मला वाटे.

निजामी राजवटीचं ते शेवटचं वर्ष. एका दुपारी बंदूकवाल्यांची टोळी बिघडलेलं बिनतारी यंत्र घेऊन आली. लष्करानं मोडीत काढलेलं, विलायती. त्याच्या स्क्रूंवर सरळ खाच नव्हती, फुली होती. कल्याणप्पांनी जोर लावला. मी घसरलो आणि फुलीच्या कडा झिजल्या.

"साहेब, याला फुलीचाच पेचकस लागतो. माझ्यापाशी न्हाय."

"नाटक करता क्या?" म्होरक्या ओरडला आणि त्यानं बंदुकीचा दस्ता त्यांच्या उजव्या हातावर हाणला.

हाड जुळलं, पण बोटांतली जाण गेली. कल्याणप्पा बोलायचेच थांबले. भिंतीकडं बघत बसत. पुढं निजामी गेली, गावात साखर वाटली. त्यांनी ती तोंडात टाकली. गोड लागली की नाही, ते सांगितलं नाही. मी पेटीत गंजत पडलो. मलाही काही वाटेनासं झालं.

मग सारजाबाई शिंपीण आपलं अडलेलं यंत्र घेऊन आल्या. कल्याणप्पांच्या बायकोनं, शिवगंगाबाईंनी, मला उचललं. मी घसरलो. त्या पुन्हा दाबू लागल्या.

"थांब," कल्याणप्पा म्हणाले. सारजाबाई चमकून बघू लागल्या. "खाचेत मळ हाय. आदी सुईनं काढ. मग पातं सरळ धर."

"अवो, तुमीच धरता का?"

त्यांनी हात पुढं केला. मी त्या बोटांतून खाली पडलो.

"काय कळत न्हाय गं. तूच धर. म्या सांगतो."

यंत्र चाललं. तेव्हापासून त्या पिळतात, ते सांगतात.

मित्रांनो, स्क्रू पिळण्याआधी त्याचं डोकं नीट बघा. जी खाच माझी नाही, तिच्यात मला रेटू नका. काम झालं की पुसून थेंबभर तेल लावा. शिवगंगाबाई रोज तेवढं करतात. मग नवऱ्याचा हात मांडीवर घेऊन त्याही बोटांना तेल चोळतात.

"कळतंय का?"

"न्हाय."

त्या चोळत राहतात.