पानं बरोबर, पुस्तक चूक

टिचकीच्या वर्गाला त्या वर्षी कॅरिबियन साहित्याचा पेपर होता. दोन कादंबऱ्या जोडीनं वाचायच्या होत्या. पहिली जुनी, अभिजात, म्हणजे सगळ्यांनी नावाजलेली आणि फार थोड्यांनी संपवलेली. उसाच्या मळ्याचा मालक बेटावरून गडगंज होऊन मायदेशी परततो आणि उरलेली साडेतीनशे पानं उसासे टाकतो. त्यात धुणं धुणारी एक बाई एका वाक्यापुरती येते, गाठोडं ठेवते आणि जाते. दुसरी कादंबरी पुष्कळ वर्षांनी त्याच बेटावरच्या एका लेखिकेनं लिहिली. तीत तीच बाई बोलायला लागते आणि शेवटपर्यंत कुणाच्या बापाला ऐकत नाही.

ग्रंथालयातून टिचकीला मालकाच्या कादंबरीची प्रत मिळाली. बांधणी नवीकोरी, कण्यावर सोनेरी अक्षरं, आतल्या पुठ्ठ्यावर बाबांचा छोटा शिक्का. टिचकीचे बाबा कॉलेजचे बाइंडर होते. पुस्तकाला घरच्या खळीचा वास येत होता.

सोळाव्या पानापर्यंत मालक जहाजाच्या कठड्याशी उभा होता. पानाच्या तळाशी तो म्हणाला, ‘त्या रात्री माझ्या दुःखाला साक्षीदार’, आणि सतराव्या पानावर एक बाई म्हणाली, ‘सदरे होते, आणि त्यांच्यावरचे डाग कसले ते तो तुम्हाला सांगणार नाही.’ तेहतिसाव्या पानावर मालक पुन्हा सुरू, मध्ये कुणी बोललंच नसल्यासारखा. घरी आई काही सांगायची तेव्हा सगळे असंच करायचे. तिचं संपेपर्यंत थांबायचे आणि मग आपलं पुढे चालू.

तिनं प्रत हा पेपर शिकवणाऱ्या सरांना दाखवली. सरांचा चेहरा उजळला.

“प्रयोगशील आवृत्ती! व्यत्ययाचं सौंदर्यशास्त्र!”

“पण सर, वाक्यं अर्धीच राहतायत.”

“तेच तर!” सर म्हणाले. सरांकडे बहुतेक शंकांना हेच उत्तर असे. आठवड्याभरात त्यांनी त्यावर निबंध लिहून एका परिषदेला पाठवूनही दिला.

टिचकीनं मग दुसरी कादंबरी काढून आणली. तिच्यातही तीच गत, फक्त उलटी. तिथं बाई बोलताना मालक मध्ये तोंड घालत होता. तेव्हा तिच्या लक्षात आलं.

छापील मोठ्या कागदाची घडी घातली की सोळा पानांची जुडी होते, तिला फर्मा म्हणतात. फर्मे ओळीनं लावायचे, शिवायचे, पुठ्ठा चढवायचा. बाबांनी दोन्ही कादंबऱ्या नव्यानं बांधायला एकाच वेळी उसवल्या होत्या. आकार एक, कागद एक. आकडे बघून त्यांनी फर्मे लावले होते, एक इकडचा, एक तिकडचा. आकड्यांच्या हिशेबानं दोन्ही पुस्तकं निर्दोष होती.

अशी चूक त्या घरात कधी झाली नव्हती. बाबांच्या हातून पान इकडचं तिकडे होत नाही, असं ग्रंथपाल चारचौघांत सांगायचे. बाबा मान डोलवायचे. आई तेव्हा चहा टाकायला आत गेलेली असायची. फर्मे लावून द्यायची ती. ती गेल्याला आता वर्ष होत आलं होतं, आणि बाबा तिच्याबद्दल अवाक्षर काढत नव्हते. दोरा, पुठ्ठा, खळ, एवढंच बोलणं. त्यांच्याजवळ उरलं होतं ते हातांचं नाव. तेही काढून घ्यायचं का, हे टिचकीला ठरवता येईना.

त्यात सरांनी गृहपाठ दिला: गप्प राहिलेल्या एखाद्या व्यक्तीच्या तोंडून कथा लिहा. टिचकीनं आईला बोलतं करायला घेतलं. एक ओळ जमेना. बेटावरच्या लेखिकेनं त्या बाईला कधी पाहिलं नव्हतं, म्हणून तिला लिहिता आलं असेल. टिचकी जन्मभर आईच्या कुशीत वाढली होती, आणि आईच्या आवाजात तिला आठवत होती ती सगळी दुसऱ्यांच्या पुस्तकांतली अर्धी वाक्यं. तिनं कागद बाजूला सारला आणि दोन्ही कादंबऱ्या बाबांच्या टेबलावर नेऊन ठेवल्या.

“बाबा, ही उसवावी लागतील.”

“कोण म्हणतं?”

“मीच.”

बाबांनी पानं चाळली. “सोळा, सतरा. बत्तीस, तेहतीस. तुमच्या कॉलेजात आकडे शिकवायचे बंद केले का गं?”

“पानं बरोबर आहेत. पुस्तक चूक आहे. वाचून बघा.”

“बाइंडर वाचत बसला की खळ वाळते.”

मग तिनंच वाचलं. साक्षीदार, सदरे. बाबा हसले. वर्षभरात पहिल्यांदा हसले, आणि हसू जिथल्या तिथं थांबलं.

“असं कधी झालं नव्हतं.”

“फर्मे आई लावायची, बाबा.”

“लावायची म्हणजे, आकडे बघून लावायची.”

“नाही. या फर्म्याची शेवटची ओळ, पुढच्याची पहिली. प्रत्येक जोडावर. मी शेजारी अभ्यास करायचे ना, मला ऐकू यायचं.”

बाबांनी सुरी उचलली, खाली ठेवली.

“ती वाचत होती?”

“हो.”

“मला वाटायचं पुटपुटतेय. मला शिव्या देत असेल. मी म्हणायचो, बाई गं, तोंड आवर, माझे टाके चुकतात.”

“मग?”

“मग हळू करायची.”

त्यांनी दोन्ही पुस्तकांचे दोरे कापले. टिचकीनं वाचून वाचून दोन ढीग केले, इकडे मालक, तिकडे बाई. सरांना कळलं तेव्हा ते फार हळहळले. म्हणाले, “निदान एक प्रत तरी तशीच ठेवायचीस, माझा निबंध गेलाय गं.”

बाबांनी सुईत दोरा ओवला. आधी बाईचं पुस्तक घेतलं. टिचकीनं पहिल्या जोडावर खणखणीत आवाजात ओळ वाचली. बाबांचा हात थबकला.

“एवढ्या मोठ्यानं नको.”

“मग कसं?”

“पुटपुट.”

ती पुटपुटायला लागली. तिसऱ्या फर्म्यावर बाबांचा टाका चुकला. तिला न थांबवता त्यांनी तो उसवून पुन्हा घातला.