मास्तरांच्या खांद्याचं माप

तिबुर्सिओच्या हातात मोजपट्टी असली की अंतिग्वा गावात त्याच्यापुढे कोणाचीही मिजास चालत नसे. ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत सान्ता तेक्लाच्या देवळातून येशूची पालखी निघते ती ऐंशी माणसांच्या खांद्यांवरून, चौकाचौकात नवी तुकडी खांदा देते, आणि एका टप्प्यातले सगळे खांदे सारख्याच उंचीचे लागतात. मध्येच एखादा उंच घुसला तर भार त्याच्या एकट्यावर, ठेंगू घुसला तर त्याच्या खांद्याला लाकूड शिवतसुद्धा नाही. म्हणून माप. डॉक्टर असो की हमाल, बूट काढायचे, भिंतीला पाठ लावायची आणि जमिनीपासून खांद्यापर्यंत सेंटिमीटरचा जो आकडा निघेल त्या टप्प्यात निमूट जायचं. मित्रांबरोबर चालता यावं म्हणून "दोन बोटं वाढव की," अशी लाडीगोडी लावणारे दरवर्षी भेटत. "उंची आईकडून वाढवून आण," असं म्हणून तिबुर्सिओ पुढच्याला हाक मारी.

यंदा मात्र लाडीगोडी लावायला एल्विरा आली, मास्तरांची डॉक्टर मुलगी. हातात तोरेहासचा, पाकात मुरलेल्या पावाच्या कापांचा, डबा होता.

"दादा, उद्या बाबा येतील माप द्यायला."

"येऊ देत की. तीस वर्षं येतायत."

"त्यांचं हृदय आता पार थकलंय. मी नको म्हटलं तर शाळेतल्या पोरीसारखं मला गप्प बसवतात." तिने आवाज खाली आणला. "तुम्ही गेल्या वर्षीचाच आकडा लिहा. एकशे छत्तीस. या वर्षभरात ते फार वाकलेत, तेवढे राहिले नाहीत. छत्तीसच्या टप्प्यात त्यांना लाकूड लागणारच नाही. चालतील, मिरवतील, सुखरूप घरी येतील. कोणाला कळणार आहे?"

"मला कळेल."

"रुफिनावहिनींची तरी आठवण ठेवा," ती बोलून गेली, आणि लगेच ओशाळली. "तसं नव्हतं म्हणायचं मला."

पण जे म्हणायचं ते म्हणून झालं होतं, आणि खोटं नव्हतं. तिबुर्सिओची बायको मास्तरांचं देणं लागत होती.

मास्तर म्हणजे आन्सेल्मो कोरादो, मेणबत्त्या ओतणाऱ्याचा मुलगा. अठरा वर्षं शाळामास्तर. एका कर्नलाने शाळेच्या पटांगणात घोडे बांधले, तेव्हा यांनी त्या घोड्यांच्या मधोमध मुलं बसवून पाढे घेतले आणि त्यापायी आठ महिने तुरुंगात काढले. मग दोन वर्षं मेक्सिकोत परागंदा. परत येऊन खासदार झाले, आणि मोठ्या पक्षांची आपसात जुंपली तेव्हा कोणाच्या ध्यानीमनी नसताना राष्ट्राध्यक्ष. चार वर्षं. काही जमलं, पुष्कळ जमलं नाही. जमिनीच्या कायद्याचं तर हसंच झालं. पण डोंगरातल्या सत्तर गावांना रस्ता मिळाला, दवाखाना मिळाला. मुदत संपली तेव्हा मास्तर नेलेलीच सुटकेस घेऊन बसने घरी आले. गाव त्यांना तेव्हाही मास्तर म्हणे, आजही म्हणतं.

ते राष्ट्राध्यक्ष झाले त्या वर्षी पालखीच्या मंडळाने उत्साहाच्या भरात घोळ घातला. देशाच्या धन्याला भिंतीला कसं उभं करायचं, म्हणून माप न घेताच त्यांना मानाच्या टप्प्यात पहिली जागा दिली. मागेपुढे राजदूत आणि सेनापती, एकेक ताडमाड. पालखी उचलली गेली आणि मास्तरांच्या खांद्यावर चार बोटं हवा राहिली. ते तसेच चौकापर्यंत चालले. फोटो निघाले, लोक वाहवा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच देवळात आले. तिबुर्सिओ तेव्हा तिशीचा, नुकती मोजपट्टी हाती आलेला. तो झाडलोट करत होता.

"काल मी किती भार उचलला रे?"

तिबुर्सिओची जीभ तेव्हाही फटकळच. "काहीच नाही, मास्तर. बडा घर पोकळ वासा."

मास्तर पोट धरून हसले. मग कॉलर बाजूला ओढून त्यांनी खांदा दाखवला. लालीचा मागमूस नव्हता. "महालात मला हे कोणी सांगितलं नसतं," ते म्हणाले. "दरवर्षी मी माप द्यायला येणार. तू मला कधी खोटा आकडा सांगायचा नाहीस. शब्द दे."

तिबुर्सिओने शब्द दिला.

त्यानंतर दोन वर्षांनी तिबुर्सिओची बायको रुफिना बाळंतपणाला डोंगरात माहेरी गेली आणि अडली. मूल आडवं होतं. नवा दवाखाना सहा महिन्यांपूर्वी उघडला होता, म्हणून दोन्ही जीव वाचले. तेव्हापासून तिबुर्सिओ दरवर्षी ठरवी, या खेपेला मास्तरांचे आभार मानायचेच. आणि ते समोर आले की आकडा तेवढा सांगे. फटकळ माणसाला गोड बोलणं जड जातं.

संध्याकाळी त्याने सगळं रुफिनाच्या कानावर घातलं.

"भीड भिकेची बहीण," ती म्हणाली. "शब्द दिलायस ना?"

"आणि त्यांना काही झालं तर? त्या माणसाने मला काय दिलंय, तुला माहीत आहे."

"मला माहीत नसेल तर कोणाला असणार? भार कमी कर त्यांचा. माप खोटं करू नकोस." आणि तिने कपाटातून जुनी रजई काढून उसवायला घेतली.

दुसऱ्या दिवशी मास्तर काठी टेकत आले. बूट काढायला त्यांना वेळ लागला, पण कोणाला हात लावू दिला नाही. भिंतीला पाठ लावली. पट्टी खाली आली, आणखी खाली आली. एल्विरा दारात उभी होती.

"बोल की," मास्तर म्हणाले. "नापास झालो का?"

"एकशे एकतीस."

"पाच गेले?"

"पाच गेले."

"चोर कोण?"

"वय, मास्तर."

एल्विराने तोंड फिरवलं. जाताना तिने तिबुर्सिओकडे पाहिलंसुद्धा नाही.

रविवारी दुपारी रस्त्यावर रंगीत लाकडी भुसा पसरून काढलेल्या गालिच्यांवरून पालखी निघाली. रस्ताभर धुपाचा आणि कोरोसोच्या फुलांचा वास कोंदला होता. एकतीसचा टप्पा म्हणजे सगळी बुटकी माणसं. जांभळ्या झग्यात मास्तर त्यांच्यात मिसळून गेले. लाकूड खांद्यावर टेकलं तेव्हा त्यांचे डोळे क्षणभर मिटले. तिबुर्सिओ शेजारून चालत होता आणि त्यांच्या पावलांवरची नजर काढत नव्हता. पाऊल अडखळलं तर चूक माझी, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. चौक आला, खांदे बदलले आणि मास्तर आपल्या पायांनी कारंज्याच्या कट्ट्यापर्यंत गेले.

एल्विराने नाडी धरली. बऱ्याच वेळाने मान हलवली, ठीक आहे म्हणून.

"तिबुर्सिओ," मास्तर म्हणाले, "भार कमी होता."

"आकडा खरा होता."

"ते कळलं, लाकूड लागलं की मला. बाकीचा भार कुठे गेला?"

तिबुर्सिओने दोघांना पुढे बोलावलं. दोघांच्याही खांद्यावर रुफिनाने शिवलेल्या जाड गाद्या होत्या. मास्तरांच्या पुढचा आणि मागचा खांदा तेवढा वर आला होता आणि लाकडाचा जोर या दोघांवर गेला होता.

"हा सातुर्निनो. तुमच्या रस्त्यावर बस चालवतो. आणि हा मागचा बेनितो, माझा मुलगा. आईच्या उंचीवर गेलाय. तो डोंगरातल्या दवाखान्यात जन्मला, मास्तर. आडवा होता." "अठ्ठावीस वर्षं सांगायचं राहिलंय. तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर."

मास्तर बेनितोकडे बघत राहिले. मग त्याचा हात दोन्ही हातांत घेतला.

"रस्त्याचे दगड दुसऱ्यांनी फोडले, मी नुसती सही केली," ते म्हणाले. "आजही माझ्या वाट्याचं अर्धं ओझं तूच वाहिलंस. आभार मी मानायचे, बाळा." सातुर्निनोलाही त्यांनी जवळ ओढलं. मग झग्याचा गळा बाजूला सारून ते तिबुर्सिओकडे वळले. "बघ रे. आहे का काही?"

सुरकुतल्या कातडीवर लाल वळ उठला होता.

"आहे, मास्तर."

"किती?"

तिबुर्सिओने बोटं लावून पाहिली. "दोन बोटं."

"खरं सांगतोयस ना?"

"दोनच. जास्त एक रेघ नाही."

एल्विराने पिशवीतून मलम काढलं. मास्तरांनी तिचा हात हलकेच बाजूला केला.

"राहू दे," ते म्हणाले. "उद्यापर्यंत तरी राहू दे."