हातमोज्याआडचा अंगठा

मित्रांनो, मी एक जुना हातमोजा आहे. थंडीत घालतात तसला लोकरीचा नव्हे. बेसबॉलमध्ये बॅटरच्या मागे उकिडवा बसून पिचरने फेकलेला चेंडू झेलणारा कॅचर असतो ना, त्याच्या डाव्या हातातला मी. बोटं वेगवेगळी दिसावीत असं माझ्यात काही नाही. मी आपला जाडजूड, गोल, थापून ठेवलेल्या भाकरीसारखा. दिसायला मी बेढब आहे हे मला ठाऊक आहे, कोणी सांगायला नको.

टेक्सासमधल्या एका लहानशा कारखान्यात माझा जन्म झाला. बैलाचं जाड कातडं, आत मऊ थर आणि कडेने चामड्याच्या वाद्या. ज्या बाईंनी मला शिवलं त्या प्रत्येक वादी अंगातला जोर लावून ओढत. त्यामुळे मी असा ताठ झालो की दुकानात माझ्यात चेंडू टाकला तर तो उडून बाहेर पडे. गिऱ्हाइकं मला हातात घेत, तोंड वाकडं करत आणि परत ठेवून देत. रामिरो एस्कोबेदो याने मात्र मला नाकाशी धरून माझा वास घेतला आणि तो मला घरी घेऊन गेला.

घर न्यू मेक्सिकोतल्या मिरचीच्या खोऱ्यात. रामिरोची आई ऑफेलिया मिरच्या निवडण्याच्या कारखान्यात कामाला होती. रामिरोला तेव्हा नुकतंच एका संघाने निवडलं होतं, यादीत जवळजवळ शेवटी, पण निवडलं होतं. त्याने मला कोमट पाण्यात भिजवलं, माझ्या पोटात चेंडू कोंबला, पट्ट्याने करकचून आवळलं आणि उशाखाली घेऊन झोपला. असं तो रोज करी.

"लोक उशाखाली देवाचं चित्र ठेवतात, आमचा हा बैलाचं कातडं ठेवतो," आई म्हणाली.

"चित्रानं चेंडू झेलता येत नाही, आई."

"मग त्या बैलालाच सांग उद्या उठवायला. मी कामावर जाते."

हळूहळू मी नरमलो. माझ्या आतला भाग रामिरोच्या तळहाताच्या आकाराचा झाला. कॅचर लोकांची एक रीत असते, आपल्या हातमोज्यात ते दुसऱ्या कुणाचा हात जाऊ देत नाहीत. दुसऱ्याच्या हाताने बसलेला आकार मोडतो. एकदा एका सोबत्याने गंमत म्हणून मला घातलं, तर रामिरो त्याच्याशी किती तरी दिवस बोलला नाही. म्हणजे माझ्या आत काय चाललंय ते आम्हा दोघांपलीकडे कुणालाच कळत नसे.

मग सुरू झाली मायनर लीग. मेजर लीग म्हणजे सगळ्यात वरचा मजला, आणि मायनर लीग म्हणजे तिथवरचा जिना. बहुतेक जण जिन्यातच म्हातारे होतात. आम्ही बसने गावोगाव हिंडलो. पाठ मोडेपर्यंत बसायचं, पाव आणि शेंगदाण्याचं लोणी खायचं, उतरलं की भर उन्हात उकिडवं बसायचं. वर्षं गेली तसे आम्ही एकेक पायरी चढलो आणि शेवटच्या पायरीवर येऊन अडकलो.

तिथला मॅनेजर, म्हणजे संघ चालवणारा प्रशिक्षक, हार्लन डिट्मर हा जुना कॅचर होता. त्याची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी. रामिरोचं झेलणं त्याला फार आवडे. कडेला आलेला चेंडू रामिरो असा अलगद घेई की माझी हालचालही दिसू नये. पिचर म्हणत, याच्याकडे फेकताना भिंतीकडे फेकल्यासारखं निर्धास्त वाटतं. ते ऐकून मी मनातल्या मनात फुगत असे. फलंदाजीचं मात्र विचारू नका.

"रामिरो, बॅट सगळ्यांचीच लाकडाची असते," हार्लन म्हणायचा, "पण तुझी जरा जास्तच लाकडाची आहे रे पोरा."

दरवर्षी रामिरोहून लहान पोरं वर जात आणि तो त्यांच्या पाठीवर थाप मारून बसमध्ये परत येऊन बसे. आठव्या हंगामाच्या सुरुवातीला संघाने सांगितलं, पुढच्या वर्षी तुला खेळाडू म्हणून ठेवणार नाही, हवं तर लहान पोरांना शिकव. त्या रात्री माझ्यावर तेल चोळताना त्याने माझी एकेक वादी तपासली. मग म्हणाला, "एक सामना. वरचा एक सामना मिळाला की पुरे." माझ्याशीच बोलला असावा, दुसरं कोणी नव्हतं.

त्याच हंगामात, ऑगस्टच्या सुमारास, एक वळणारा चेंडू माझ्या काठावर आदळला आणि आत रामिरोचा अंगठा मागे मुरगळला. मला ते आतून जाणवलं. रामिरोने चेंडू सोडला नाही. उठला, चेंडू परत फेकला, पुन्हा बसला. सामना संपेपर्यंत अंगठा इतका सुजला की मला काढताना त्याला घाम फुटला. दुखापत सांगितली तर घरी बसवतील आणि हंगाम संपेल, हे त्याला माहीत होतं. म्हणून तो रोज माझ्या आत स्पंजचा तुकडा सारायचा आणि दुखणं अंगावर काढायचा. मला तोंड असतं तर मी ओरडून सांगितलं असतं.

एका दुपारी हार्लनने त्याला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"बॅग भर," हार्लन म्हणाला. "तुझं इथलं काम संपलं."

रामिरोने विचारलं, "आज?"

"आजच. मला तुझं तोंड बघायचा कंटाळा आलाय. आठ वर्षं तेच तोंड."

"ठीक आहे, कोच."

"ठीक काय आहे? विचार की कुठं जायचं ते. गाढवा, वर जायचंय तुला. त्यांच्या कॅचरची बायको बाळंत होतेय, तो घरी गेलाय. चारेक दिवस आहेत. जा, आणि परत येऊ नकोस."

हार्लनने तोंड फिरवलं, कारण त्याचेच डोळे भरले होते. रामिरोने आईला फोन लावून सांगितलं, वर बोलावलंय. आई म्हणाली, "जेवलास का ते सांग आधी." मग ती जन्मात पहिल्यांदा विमानात बसली.

वरचं सगळंच वेगळं होतं, मित्रांनो. खेळाडूंच्या खोलीत गालिचा, गरम जेवण, आणि रामिरोच्या कपाटात एका कंपनीने पाठवलेले कोरे करकरीत हातमोजे. त्यांना बघून वाटलं, आता मी पिशवीतच राहणार. रामिरोने एक घातला, दोन चेंडू झेलले आणि काढून ठेवला. मग त्याने मला घेतलं. जुन्या सोबत्याची माया म्हणून मी सुखावलो. पण आत हात आला तेव्हा खरं कारण कळलं. कोऱ्या ताठ कातड्यात तो सुजलेला अंगठा चेपून निघत होता.

पहिले दोन दिवस आम्ही बाकावर बसून काढले. दुसरा कॅचर लूकस, तोच दोन्ही दिवस खेळला. तिसऱ्या दिवशी सामना दुपारचा होता, म्हणून लूकसला विश्रांती आणि रामिरोला संधी. पिचर होता वेस टॅगर्ट. हा वेस खाली आमच्याच संघात होता, बावीस-तेवीस वर्षांचा, लांबडा, सतत नखं खाणारा. मागचे तीन सामने तो हरला होता आणि आज चालला नाही तर त्याला खाली धाडणार, हे सगळ्या संघाला माहीत होतं.

"तू मागशील तो टाकतो," वेस म्हणाला. "माझं डोकं आज चालत नाहीये. तुझं चालव."

कॅचर बोटांनी खूण करून चेंडू मागतो आणि पिचर तो टाकतो. वेसकडे एक हुकमी चेंडू होता, सरळ यायचा आणि बॅटरजवळ येऊन एकदम खाली बुडायचा. त्याच्यावरच तो इथवर आला होता. पण बुडता चेंडू झेलायला मला उलटं करून जमिनीशी न्यावं लागतं, आणि सगळा भार अंगठ्यावर येतो.

पहिल्या दोन इनिंग, म्हणजे दोन छोटे डाव, छान गेल्या. मागे उभा असलेला अंपायर हळूच म्हणाला, "चांगला झेलतोस. आमचं काम सोपं होतं." आई प्रेक्षकांत वरच्या रांगेत बसली होती, ती कुठे आहे हे रामिरोने एकदाच बघून घेतलं. मग मला मुठीने दोनदा ठोकून तो पुन्हा बसला. आठ वर्षांचं चीज झालं असं मला वाटलं.

तिसऱ्या इनिंगमध्ये एक बुडता चेंडू आला. रामिरोने तो अडवला, पण आत अंगठ्यातून एक बारीकसा कट्ट आवाज झाला. तो मला ऐकू आला, बाहेर कुणाला आला नसेल. त्यानंतर रामिरोने बुडता चेंडू मागायचंच सोडलं. नुसते सरळ चेंडू मागू लागला. बॅटर काही खुळे नव्हते. त्यांनी एक मारला, दोन मारले, पाहता पाहता तीन धावा झाल्या. वेस मागेल ते टाकत राहिला. चौथ्या इनिंगच्या मध्यावर रामिरो त्याला धीर द्यायला पुढे गेला.

"माझा बुडता गेला ना?" वेसने विचारलं. "खरं सांग. तू मागतच नाहीस."

"गेलेला नाही."

"मग? मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस. हाच गेला तर माझ्याकडे आहे काय दुसरं?"

रामिरोने चेंडू त्याच्या हातात ठेवला. परत येऊन तो बसला. वेसचा चेहरा समोर होता, तरी वेळ निभावून न्यायची म्हणून त्याने सरळच चेंडू मागितले आणि ती इनिंग कशीबशी संपली. तिकडे वरच्या मॅनेजरने, लॉयड केसलरने, दुसऱ्या पिचरला अंग गरम करायला सांगितलं. म्हणजे वेसचं आता संपलंच होतं. रामिरोने ते पाहिलं.

तो थेट केसलरसमोर जाऊन उभा राहिला, मला हातातून ओढून काढलं आणि हात पुढे केला. अंगठा वांग्यासारखा काळानिळा झाला होता.

केसलर मितभाषी माणूस. त्याने हाताकडे बघितलं. "कधीपासून?"

"तीन आठवडे."

"आणि मला आत्ता दाखवतोयस, खेळ चालू असताना."

"बुडता झेलता येत नाही, म्हणून मी तो मागत नाहीये. वेसला वाटतंय त्याचा चेंडू बिघडला. त्याचं काही बिघडलेलं नाही, साहेब. मला काढा, त्याला राहू द्या."

"आज खेळ सोडलास तर परत कोणी बोलावणार नाही. कळतंय ना?"

"कळतंय."

"गाढव आहेस," केसलर म्हणाला. मग त्याने मान वळवली. "लूकस, पॅड बांध. आणि मैदानाच्या कडेला फोन करून सांगा, त्या दुसऱ्या पिचरला म्हणावं बस खाली."

पुढच्या इनिंगला लूकसने पहिलाच चेंडू बुडता मागितला. बॅटरची बॅट हवेत फिरली आणि चेंडू तिच्याखालून निघून गेला. वेसने आमच्या बाकाकडे पाहिलं. रामिरो बर्फाच्या पिशवीत हात घालून बसला होता, मी त्याच्या मांडीवर होतो. तो रडत होता, पण त्याने नजर हलवली नाही. उरलेला सामना त्याने शेवटच्या चेंडूपर्यंत बघितला. तो सामना आम्ही जिंकलो आणि वेस वरच राहिला.

संध्याकाळी बाहेर आई भेटली. तिने पट्टी बांधलेला हात आपल्या दोन्ही हातांत घेतला.

"मी सकाळीच बघितलं होतं," ती म्हणाली. "मक्याची टॉर्टिया एका हातानं तोडत होतास."

"मग विचारलं का नाहीस?"

"म्हटलं, तू होऊन सांगशील. तुला वाटलं, आई उगाच काळजी करेल. दोघंही शहाणे." तिने पट्टीचं टोक नीट खोचलं. "विचारायला पाहिजे होतं रे मी."

अंगठ्याची शस्त्रक्रिया झाली, पण तो पुन्हा पुरता वाकला नाही. मेजर लीगमध्ये रामिरोचा सामना तो एकच, तोही अर्धा. आज तो एका लहानशा गावात मायनर लीगच्या पोरांना झेलायला शिकवतो. मैदानाशेजारच्या त्याच्या खोलीत मी खिळ्याला टांगलेला असतो. माझं कातडं तडकलंय, एक वादी तुटलीय, आठवण झाली की तो तेल लावतो. पोरं मला बघून हसतात, हसू देत.

पण रोज सकाळी पोरं मैदानावर जाण्याआधी मी खिळ्यावरून एक गोष्ट बघतो. कॅचर होऊ पाहणारी पोरं रांगेत येतात आणि रामिरो त्यांच्या चेंडूकडे, बॅटकडे बघत नाही. "हातमोजा काढ," म्हणतो. "हात दाखव." काल एक पोरगा हात मागे लपवून उभा राहिला.

"काही नाही, कोच."

"मग ते काही नाहीच दाखव."

पोराने हात पुढे केला. करंगळी सुजली होती. रामिरोने त्याला बाकावर बसवलं, दुसऱ्या पोराला मैदानावर पाठवलं आणि बसलेल्याला सांगितलं, "पुढच्या आठवड्यात तुझी जागा तुलाच मिळेल. हे मी सांगतोय." पोराचा विश्वास बसला नसावा, पण तो बसून राहिला.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तूंना जपा, वेळेवर तेल लावा, हे तर आहेच. माझी चीर दिसते, म्हणून तिला शिवताही येतं. माणूस मात्र दुखणं झाकायला फार हुशार असतो. म्हणून तुमच्या घरात, वर्गात कोणी एका हाताने घास मोडताना दिसला, तर तो होऊन सांगेल म्हणून थांबू नका. जवळ जाऊन विचारा, आणि हात बघितल्याशिवाय उठू नका.