पिवळ्या डब्यातला पुदिना

आजीच्या गॅलरीत विकतची कुंडी म्हणून एकही नव्हती. गळका कुकर, भोक पडलेली किटली, आजोबांचे जुने बूट, नातीचा लहानपणीचा टब, सगळ्यांत काही ना काही डोलत होतं. रिकामं काही दिसलं की बाईचे हात शिवशिवायचे. लेबल खरवडायचं, रंगाचे दोन हात मारायचे, बुडाला भोकं पाडायची, की झालं! लेबलाचा तर तिला भारी तिटकारा. सून म्हणायची, "आई, मी जरा जास्त वेळ एका जागी बसले, तर माझ्यातही माती भराल."

सगळ्यांत लाडका होता पिवळ्या डब्यातला पुदिना. डबा जिन्याखाली पडलेला मिळाला होता, दणकट, झाकणाचा. मिरचीवर मावा पडला, बुटातल्या गुलाबाला मुंग्या लागल्या, पण पुदिन्याच्या वाटेला कोणी गेलं नाही. "इथे मुंगीसुद्धा फिरकत नाही हो!" आजी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवायची. डब्याभोवती मेलेल्या माश्या सापडायच्या, त्या ती झाडून टाकायची.

नात येताजाता त्याची पानं तोडून चघळायची. पुढे तिचं पोट दुखायला लागलं. डॉक्टरांची औषधं झाली, पथ्य झालं, गुण काही येईना. पोरगी सुकत चालली आणि आजीचा जीव तीळतीळ तुटायला लागला. शेवटी तिने आपला उपाय काढला. रोज सकाळी पुदिन्याचा काढा. दुखणं वाढलं, तसा आजीने पेला मोठा केला.

त्या सकाळी नातीच्या हातात पेला देऊन ती वळते न वळते तोच बेल वाजली. दारात शेजारचा फवारणीवाला. लोकांच्या घरातली वाळवी, झुरळं मारायचं त्याचं काम.

"आजी, परत विचारतो, रागावू नका. जिन्याखालचा माझा डबा खरंच नाही पाहिलात?"

मागे त्याने विचारलं तेव्हा आजीने सरळ कानांवर हात ठेवले होते. एवढ्याशा डब्यासाठी काय जीव टाकतो मेला, असं तिला वाटलं होतं. आताही ती फणकारली, "एकदा सांगितलं ना, नाही म्हणून!"

"तसं नाही हो. कोणी त्यात पाणीबिणी भरलं तर पंचाईत व्हायची. ते औषध कितीही धुवा, डब्यातून जात नाही. मातीत उतरलं की तिथे मुंगीसुद्धा फिरकत नाही."

हेच शब्द, अगदी हेच, ती सगळ्या इमारतीला सांगत सुटली होती. दाराची कडी घट्ट धरून ती उभी राहिली.

"आजी," आतून नात धावत आली. तोंड पुसत तिने रिकामा पेला उलटा करून दाखवला. "आज नाक न दाबता सगळा संपवला. आता थांबेल ना दुखायचं?"

फवारणीवाला जिन्याकडे वळला होता.

"अरे, थांब!" आजीचा आवाज चिरकला. "डबा माझ्याकडे आहे. मी खोटं बोलले रे! गॅलरीत आहे, रंगवून पुदिना लावलाय मी त्यात. काय होतं त्यात? डॉक्टरांना काय सांगू?"

तो मागे फिरला. दारातूनच त्याने आधी गॅलरीतल्या हिरव्यागार पुदिन्याकडे पाहिलं. मग पोरीच्या हातातल्या पेल्याकडे.

"किती दिवसांपासून देताय?" त्याने विचारलं.