पावतीची मागची बाजू

अरविंदने बत्तीस वर्षं एकच काम केलं, लोकांकडून क्वार्टर रिकामी करून घ्यायचं. कारखान्याच्या टाउनशिपमध्ये तो क्वार्टर ऑफिसात कारकून होता. कुणी रिटायर झालं की हा छापील हिंदी फॉर्म घेऊन हजर. नळ मोजायचा, पंखे फिरवून बघायचा आणि एकही रकाना रिकामा न ठेवता पावती लिहायचा. धाकटी बहीण सुमन चिडवायची, "दादा, तू देवळात गेलास तरी आधी घंटा मोजशील."

आता दोघं त्याच हिंदी भाषिक शहरात, नेहरू नगरात वडिलांनी बांधलेल्या घरात राहत होती. सुमनने लग्न केलं नव्हतं. रस्त्याकडची खोली चाळीस वर्षं तिची. घरात तिघांचा हिस्सा होता, आणि तिसरा शहाणा, नागपूरचा भाऊ मधुकर, कुणाला न विचारता आपला हिस्सा शहरातल्याच करोंद भागातल्या एका धान्याच्या व्यापाऱ्याला विकून मोकळा झाला.

व्यापाऱ्याने वाटणीचा दावा लावला. वकील नलिनीताईंनी दोघांना बजावलं, "राहत्या घरात परक्या खरेदीदाराला वाटणी होईपर्यंत शिरता येत नाही. फक्त त्याला काही लिहून देऊ नका."

अरविंदने नेमकं लिहूनच दिलं. सुमन बिट्टन मार्केटला भाजी आणायला गेली असताना व्यापारी आला, गोड बोलला, रस्त्याकडची खोली बघितली आणि म्हणाला, "भाईसाहब, कमरा देख लिया, बस इतना लिख दीजिए." खोली दाखवली आणि फॉर्म भरला नाही, असं अरविंदच्या हातून कधी झालं नव्हतं. जुने फॉर्म कपाटात होतेच.

पुढच्या तारखेला व्यापाऱ्याने त्या कागदाची झेरॉक्स कोर्टात दाखल केली. कमरा एक, पंखा एक, खिडक्या दोन, खाली अरविंदची सही. खोलीचा ताबा म्हणे त्याला मिळाला.

घरी आल्यावर सुमनने भांडी आदळली. "माझी खोली देऊन टाकलीस? मधूने निदान स्वतःचं तरी विकलं!"

"मी नेहमीसारखंच लिहिलं गं," अरविंद मान खाली घालून म्हणाला.

तीन आठवडे ती त्याच्याशी बोलली नाही. तिने पेटीत साड्या भरून ठेवल्या. एकसष्टाव्या वर्षी जायचं कुठे, हे मात्र तिला सुचत नव्हतं, आणि त्याचंच जास्त रडू येत होतं.

नलिनीताईंनी मूळ कागद मागवला. जजसाहेबांनी तो उलटून पाहिला. मागेही रकाने होते. रिटायर झालेली माणसं क्वार्टर सोडायला मुदत मागत, म्हणून ते छापलेले. झेरॉक्स फक्त पुढच्या बाजूची होती.

"पढ़िए," जजसाहेब म्हणाले.

नलिनीताईंनी वाचलं, "कमरा खाली है? नहीं. निवासी? सुमन, मेरी बहन. कब तक रहेंगी?" सुमनकडे बघत त्यांनी शेवटचा शब्द वाचला. "आजीवन."

"तो कब्ज़ा कहाँ दिया?" जजसाहेबांनी व्यापाऱ्याच्या वकिलाला विचारलं. वाटणी होईपर्यंत व्यापाऱ्याने घरात शिरायचं नाही, असा हुकूम झाला. दावा अजून चालायचा होता.

परतताना रिक्षात सुमनच आधी बोलली. "आजीवन लिहायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"रकाना होता," अरविंद म्हणाला. "रिकामा कसा सोडणार?"

सुमनला हसू आलं आणि रडूही. घरी जाऊन तिने पेटी उघडली आणि साड्या परत आपल्या कपाटात लावल्या.