बांधावरचे हात

चाळिशी उलटली तरी उत्रोलीच्या तालमीचा वास कुंडलिकाला अधूनमधून यायचा. गुंजवण्याच्या खळ्यावर भात झोडत असावं, अंगाला भाताची कुसळं लागून खाज सुटलेली असावी, आणि मध्येच कुठून तरी ती लाल माती नाकात शिरावी. ताक, तेल आणि हळद घालून मळलेली माती. मग त्याचा हात क्षणभर थांबायचा. बायको ठकुबाई पेंढी हातात धरून वाट बघायची. तिला आता सवय झाली होती.

उत्रोली त्याचं आजोळ. मामा सोनबाला मूलबाळ नव्हतं, शेतीला माणूस हवं होतं, म्हणून सोळाव्या वर्षी कुंडलिक राजगडाच्या पायथ्याचं आपलं गाव गुंजवणे सोडून तिकडे गेला तो आठ वर्षं राहिला. दिवसभर मामाच्या भातखाचरात काम आणि दिवस कलला की गेनबा वस्तादाची तालीम. तालीम म्हणजे काय, मारुतीच्या देवळामागं चार भिंतींवर गवताचं छप्पर. पण त्या भिंतींच्या आत गेलं की पोरं आपोआप हळू बोलायची.

गेनबा वस्ताद अंगानं काटकुळा होता. आवाज तर इतका बारीक, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हा माणूस भोर संस्थानात लाठीसाठी नावाजलेला आहे हे खरं वाटू नये. त्यानं कधी कुणाला मारलं नाही. हातात कडुलिंबाची एक काडी असायची. ज्याची टाच चुकली त्याच्या टाचेला ती काडी लागायची, एवढंच. पण एका बाबतीत तो दगडासारखा होता. त्याच्याकडे लाठीचे अठरा हात, म्हणजे अठरा डाव होते. ते त्याला त्याच्या वस्तादानं, रखमाजीनं दिले होते. त्यात बोटभरही फरक झालेला त्याला खपायचा नाही. एकदा एका गड्यानं पाचव्या हाताला मनगट थोडं वेगळं फिरवलं. वार उलट झपकन बसला, बघणारे खूष झाले. गेनबानं त्याच्या हातातली काठी शांतपणे काढून घेतली आणि महिनाभर त्याला नुसती माती खणायला लावली.

"रखमाजी वस्तादानं अठरा दिलं," तो म्हणायचा. "म्याबी अठराच देनार. हे माजं न्हाई, तुमचंबी न्हाई. आपुन नुसतं पुढं द्यायचं."

कुंडलिकाला ते पटायचं. त्याचं अंगच त्या अठरा हातांसाठी घडल्यासारखं होतं. त्यातला सोळावा हात त्याचा फार आवडता. त्याला घारीचा हात म्हणत. काठी डोक्यावरून दोनदा फिरायची, तिच्याबरोबर अख्खं अंग गिरकी घ्यायचं आणि तिसऱ्या फेरीला काठी एकदम खाली समोरच्याच्या घोट्यावर यायची. कुंडलिक तो हात करायला लागला की बाकीचे आपापलं थांबवून भिंतीला टेकून उभे राहायचे. गेनबा तोंडानं कधी शाबासकी द्यायचा नाही. पण एकदा घारीचा हात झाल्यावर त्यानं कुंडलिकाच्या पाठीवरची माती स्वतःच्या हातानं झटकली होती. तेवढ्यावर कुंडलिक कित्येक दिवस जगला.

पुढं वडील थकले, तसा तो गुंजवण्याला परत आला. लग्न झालं. आणि एकोणतीस सालच्या दसऱ्यानंतर राजगडाच्या उतारावर गवत कापताना त्याचा पाय ओल्या दगडावरून सटकला. पंधरा-वीस हात घरंगळत जाऊन तो एका झाडाच्या मुळात अडकला. अडकला म्हणून वाचला, पण उजवा हात मुळात आणि अंग खाली, असा लटकला. रायबा धनगरानं त्याला बघितलं. गडाच्या अंगाला, वरच्या टप्प्यावर रायबाचं घर आणि शेरडं होती. त्यानं कुंडलिकाला सोडवलं आणि पाठुंगळीला मारून गावापर्यंत आणलं.

शेजारच्या साखर गावातल्या एका म्हाताऱ्यानं हाड बसवलं. हात कामाला आला. नांगराची मूठ धरता यायची, घास तोंडात जायचा. पण छातीच्या वर तो उचलला जाईना. सगळे उपाय झाले. शेवटी कुंडलिकानं काठी आढ्याला खोचून ठेवली आणि उत्रोलीला जायचंच सोडून दिलं. मामाच्या घरच्या सत्यनारायणालासुद्धा गेला नाही. पुढच्या वर्षी ठकुबाईनं ती काठी चिंचा झोडायला काढली, तेव्हाही तो काही बोलला नाही. ठकुबाईला ते त्याच्या रडण्याहून वाईट वाटलं.

दोन वर्षांनी उन्हाळ्यात तो रायबाकडे गेला होता. खंडेरायाच्या जत्रेला बोकड हवा होता. दोघं वाटेवर बोलत उभे असताना कारवीच्या रानातून कोळसुंदी आली. चार-पाच रानकुत्री, शेळीच्या मागं लागलेली. रायबा आरडला नाही की पळाला नाही. काठी दोन्ही हातांनी मध्याजवळ धरून तो कारवीत शिरला. कुंडलिक बघत राहिला. रायबाची काठी गुडघ्याच्या वर जात नव्हती. टोक जमिनीलगत सळसळत होतं. कधी पुढं भोसकायचं, कधी पाय अडकवून ओढायचं. आणि रायबाचे पाय एका ओळीत, एकापुढं एक, कारण शेळ्यांची वाट तेवढीच रुंद होती. गिरकी नाही, उडी नाही. दोन कोळसुंदी कळवळून पळाली, तशी बाकीचीही गेली.

हे तुला कुणी शिकवलं, असं कुंडलिकानं विचारलं. रायबाला प्रश्नच नीट कळला नाही.

"कोन शिकवनार? कारवीत काठी वर न्हेली की अडकती," तो म्हणाला. "आन काठी अडकली की शेळी ग्येली."

कुंडलिक बोकड न घेताच घरी आला. काठी काढली आणि आपल्या खाचराच्या बांधावर जाऊन उभा राहिला. बांध वीतभर रुंद. दोन्ही बाजूंना उन्हानं भेगाळलेलं शेत. छातीच्या वर हात न नेता, बांधावरून पाय न काढता काय करता येतं ते तो बघायला लागला.

नवीन काही करावं असं त्याच्या मनात नव्हतं. अठरा हातांतलं आपल्या मोडक्या अंगात मावेल तेवढं वाचवावं, एवढीच इच्छा होती. सातव्या हाताचं मनगट राहिलं, वरची फेरी गेली. तिसऱ्याची माघार राहिली, पण ती आता सरळ मागं. घारीचा हात मात्र कशातच बसेना. त्यानं तो सोडून दिला त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. जिथं अठरा हातांत काही सापडायचं नाही तिथं तो रायबाला बोलवायचा, समोर उभा करायचा आणि म्हणायचा, आता माझ्यावर चालून ये. रायबा यायचा, हसत हसत कुंडलिकाच्या नडग्या सोलून काढायचा. असं करता करता दोन वर्षांत अकरा हात उभे राहिले. गावातले गडी आधी गंमत म्हणून बघायचे, मग शिकायला लागले. रानडुकरांच्या वाटेवर राखण करणाऱ्यांना त्याचा उपयोगही व्हायला लागला.

चौतीस साली रामनवमीच्या उत्सवात भोरला गावोगावच्या तालमींचे खेळ ठरले. गुंजवणेकरांनी परस्पर कुंडलिकाचं नाव घातलं. तो नको म्हणत होता, पण गावाच्या शब्दापुढं इलाज चालला नाही.

भोरला गर्दी लोटली होती. आधीच्या तालमींनी फिरत्या काठ्यांनी अंगण दणाणून सोडलं. मग कुंडलिक आणि रायबा पुढं आले. कुंडलिकानं चुन्याच्या दोन रेघा मारल्या, मध्ये वीतभर अंतर. हा बांध. आणि त्या रेघांच्या आत दोघं खेळायला लागले. काठ्या खाली, पाय ओळीत, आवाज जवळजवळ नाहीच. लोकांना काय चाललंय ते समजेना. मागून कुणी तरी म्हणालं, हे भांडतायत का भात लावतायत, आणि हशा पिकला. कुंडलिकानं नजर उचलली. पहिल्या रांगेत गेनबा वस्ताद बसला होता. पाच वर्षांनी कुंडलिक त्याला बघत होता. केस पार पांढरे झाले होते. चौथा हात चालू असताना गेनबा उठला, वहाणा पायांत सरकवल्या आणि गर्दीतून वाट काढत निघून गेला.

चार दिवसांनी सोनबामामाचा निरोप आला. वस्तादांनी सांगितलंय, कुठंही खेळताना त्यांचं नाव घेऊ नये.

त्या वर्षीचा पाऊस, लावणी, सगळं कुंडलिकानं मान खाली घालून केलं. शिकायला येणाऱ्यांना त्यानं परत पाठवलं. ठकुबाई समजूत घालायची, की म्हातारा माणूस, त्याचा मान राखायला हवाच. पण तुमचा खांदा काही तुम्ही हौसेनं मोडून घेतला नाहीत. तो ऐकून घ्यायचा आणि कुदळ उचलून खाचराकडे चालू लागायचा.

भादव्यात, भातं पोटरीला आली होती तेव्हा, एका सकाळी गेनबा वस्ताद दारात उभा राहिला. मार्गासनीपर्यंत बैलगाडी आणि तिथून पुढं चिखलातून पायी. साठी ओलांडलेला माणूस. कुंडलिक धावत गेला, पायांवर डोकं ठेवलं. वस्तादानं पाणीसुद्धा घेतलं नाही.

"तुजा बांध कुठला?" त्यानं विचारलं. "चल, दाव."

बांधावर गेल्यावर त्यानं धोतर खोचलं, कुंडलिकाच्या हातून एक काठी घेतली आणि समोर उभा राहिला. रायबाला बोलावून आणायला ठकुबाईनं कुणाला तरी पाठवलं होतं, तोही धापा टाकत येऊन पोचला.

"माज्यावर चालव," वस्ताद म्हणाला.

"वस्ताद, तुमच्यावर म्या काठी न्हाई उचलनार."

"तुला उचलता येतच न्हाई. तेच बघाया आलोय. चालव."

गेनबानं पहिला हात टाकला. म्हातारपण होतं तरी काठी तशीच सुंदर फिरली, आणि कुंडलिकाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं खालून ती नुसती बाजूला सारली. दुसरा, तिसरा. गेनबा पुढं येत होता, कुंडलिक सरळ मागं सरकत होता. मग वस्तादानं पाचवा हात घेतला. त्याला उजवा पाय बाहेर टाकावा लागतो. बाहेर बांध नव्हता. गेनबा वस्ताद काठीसकट खाचरातल्या चिखलात बसला.

कुंडलिक आणि रायबा दोघंही खाली उतरले. वस्तादानं हात वर करून त्यांना थांबवलं. तो कमरेपर्यंत चिखलात, दोन्ही बाजूंना हिरवं भात, आणि तो हसत होता. कुंडलिकानं आठ वर्षांत त्याला हसताना बघितलं नव्हतं. हसता हसता त्याचं हसणं बंद झालं आणि तो तसाच बसून बोलायला लागला.

गाठीचा ताप, म्हणजे प्लेग आला त्या साली रखमाजी वस्ताद गेले, तेव्हा गेनबा पंचवीस वर्षांचा होता. अठरा हात आहेत हे साऱ्या पंचक्रोशीला माहीत होतं. पण गेनबापर्यंत चौदाच पोचले होते. बाकीचे शिष्य त्याच तापात गेले. तालीम बंद पडेल, लोक म्हणतील खंड पडला, या भीतीनं त्यानं उरलेले चार स्वतः बसवले. दोन वर्षं दार लावून. आणि बाहेर येऊन सांगितलं, वस्तादांनी अठरा दिले.

"सदतीस वरसं झाली," तो म्हणाला. "कुनाला सांगितलं न्हाई. त्या पोराला महिनाभर माती खनाया लावली, ती ह्याच भ्यानं. एकानं बदल केला की दुसरा इचारनार, मंग हेबी कुनी बदललं आसंल का?" मग हातावरचा चिखल निपटत तो म्हणाला, "तू सगळ्यांम्होरं रेघा आखल्यास. मला ते जमलं न्हाई. म्हून उठलो म्या."

रायबानं चिखलात पडलेली काठी उचलून बांधावर ठेवली. मग कुंडलिकानं विचारलं, त्यातले तुमचे चार कुठले? घारीचा हात तुमचा का?

"सांगितलं तर तू त्येनला येगळं काढून ठेवशील," वस्ताद म्हणाला. "ऱ्हाऊ दे एकत्र. आता मला वर घे, चिखलात गार लागतंय."

गेनबा वस्ताद आठ दिवस गुंजवण्यात राहिला. ठकुबाईच्या हातची नाचणीची भाकरी आणि रायबाच्या घरचं दूध त्याला मानवलं. रोज सकाळी तो बांधाच्या टोकाला घोंगडी टाकून बसायचा आणि अकरा हात पुनःपुन्हा करायला लावायचा. त्यानं एकही हात बदलला नाही. फक्त सहाव्या हाताला मागची टाच उचलली जाते हे दाखवलं, आणि ती टेकल्याबरोबर त्या हाताला जोर आला. रायबाला तो म्हणाला, की तू माझ्याकडे आला असतास तर मी तुला बिघडवला असता. रायबाला हे कौतुक आहे की काय, ते शेवटपर्यंत उमगलं नाही. निघताना वस्तादानं सांगितलं, की आता खुशाल माझं नाव घे. पण रायबाचंही घे.

तीन वर्षांनी तो गेला. तेराव्याला उत्रोलीच्या तालमीतल्या लोकांनी कुंडलिकाला गादीवर बस म्हटलं. तो बसला नाही. पण दर मंगळवारी जाऊन अठरा हात जसे होते तसे तोंडी शिकवायचं त्यानं कबूल केलं, आणि त्याच्या खांद्याला जे जमत नव्हतं ते त्याच्या डोळ्यांनी बरोबर पकडलं. चार हातांची गोष्ट त्यानं तालमीत काढली नाही. आपल्या बांधावर मात्र तो आपलेच अकरा शिकवायचा. कुणी विचारलं, हे आलं कुठून, तर म्हणायचा, "निम्मं उत्रोलीचं, निम्मं रायबाचं, आन उरल्यालं माज्या मोडक्या खांद्याचं."

सुगी संपून खळी मोकळी झाली, की दुपारचा तो जरा आडवा व्हायचा. डोळे मिटले की आपण वीस वर्षांचे, समोर लाल माती, हातात काठी. तो पहिल्यापासून सुरू करायचा, एकही न गाळता. चौदा कुठले आणि चार कुठले, हे आरंभी आरंभी तो शोधायचा. पुढं पुढं त्यानं ते सोडलं. नुसता एकामागून एक हात करत जायचा, आणि ठकुबाई बघायची तर झोपलेल्या माणसाची उजव्या हाताची बोटं हळूच हलत असायची.